लोहखनिजाच्या वॅगनी पुन्हा पुन्हा रुळावरून उतरत असतील तर

बागेत मॉडेल रेल्वे चालवणाऱ्यांची ही तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. वॅगन खोक्यातून काढून रिकामी चालवली, तेव्हा वर्षभर काही त्रास नव्हता. मग ती खरी दिसावी म्हणून आत जांभ्याचा चुरा भरला, रंग मारला, गंज चढवला. आणि तेव्हापासून ती गडग्याजवळच्या त्याच वळणावर उतरते. रूळ उचलून पुन्हा बसवला, खडी भरली, की आठ-दहा दिवस बरे जातात. नंतर परत तेच. पावसाळा संपला की तर हमखास.

रूळ कधी कधी दोषी असतोही. पण वॅगनीत फेरफार केल्यावर सुरू झालेला त्रास आधी वॅगनीतच शोधावा. दहापैकी सात-आठ वेळा दुखणं भरलेल्या मालाच्या उंचीत निघतं. आणि गंमत अशी, की ती उंची खरेपणाच्या दृष्टीनंही चुकीचीच असते. म्हणजे वॅगन खरी दिसायला लागली की ती रुळावरही राहते.

पुढचं सगळं ४५ मिलिमीटर रुळावरच्या (दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी), म्हणजे १:२२.५, १:२९ आणि १:३२ या मापांतल्या वॅगनींसाठी आहे; १:३२ म्हणजे खऱ्याचा बत्तिसावा भाग. ‘बोगी’ हा शब्द इथे चाकांच्या सांगाड्यासाठी वापरला आहे, डब्यासाठी नव्हे.

आधी कुठे आणि कशी उतरते ते बघा

नुसतं ‘वळणावर उतरते’ एवढं पुरत नाही. ज्या जागी वॅगन पडलेली सापडते, त्याच्या बरंच आधी चाक चढलेलं असतं. फळ्यावर लिहायचा मार्कर घ्या आणि संशयित जागेच्या मागे अर्धा मीटर, दोन्ही रुळांच्या माथ्यावर शाईचा पट्टा ओढा. गाडी हळू सोडा. चाकाचा माथा शाई सारखी पुसत जातो, पण फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, जिथे चढते तिथे शाईवर आतून बाहेर जाणारा केसासारखा बारीक तिरका ओरखडा उमटतो. तो चार-पाच सेंटिमीटर लांब असतो आणि बाहेरच्या कडेला संपतो. ओरखड्याची सुरुवात ही खरी जागा. तिथे स्लीपरवर खडूनं खूण करा.

आता खुणेचा अर्थ लावायचा. वॅगन वळणाच्या बाहेर कलंडत असेल, तर वजन वर आहे. वळणाच्या आत ओढली जात असेल, तर ती मागच्या वॅगनींच्या मानानं हलकी आहे. सांध्यावर (जिथे एका रुळाचे दोन फाटे होतात), चेक रेलपाशी, म्हणजे चाकाला आतून आवरणाऱ्या जादा रुळापाशी, उडी मारत असेल, तर चाकांमधलं अंतर चुकलंय. गाडी पुढे ओढताना ठीक आणि मागे ढकलतानाच उतरत असेल, तर कपलर, म्हणजे दोन वॅगनी जोडणारा आकडा, बघा. सरळ रुळावर फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, जोडापाशी उतरत असेल, तर बोगी ताठ झाली आहे. रूळ तिथे एक मिलिमीटर खचलाय आणि चौथं चाक हवेत राहतंय.

एकाच वॅगनीला यातली दोन दुखणी असू शकतात, आणि नेमकं तिथेच लोक गोंधळतात. एक दुरुस्त केलं, वॅगन चार फेऱ्या नीट चालली, की दुसऱ्याकडे लक्ष जात नाही.

खरी वॅगन किती भरते

भारतीय रेल्वेची बॉक्सएन, म्हणजे वरून उघडी, उंच भिंतींची वॅगन घेऊ. तिच्या मूळ आराखड्यात रिकामं वजन २२.४७ टन, माल ५८.८१ टन, एकूण ८१.२८ टन. आतली लांबी ९७८४ मिमी, रुंदी २९५० मिमी, उंची १९५० मिमी. म्हणजे पोटात सुमारे ५६ घनमीटर जागा. कोळसा हलका, त्यामुळे तो काठोकाठ भरून वर ढीग येतो. लोहखनिजाचा ढीग मात्र घनमीटरला साधारण अडीच टन भरतो. ५८.८१ टनांना साडेतेवीस घनमीटर पुरे झाले. त्या तळावर ही उंची होते सुमारे ८१५ मिमी. एकूण १९५० पैकी! निम्मीसुद्धा नाही.

म्हणूनच पुलावरून खाली बघितलं तर खनिजाची गाडी रिकामीच चालल्यासारखी वाटते. माल पार तळाशी, आणि वर मीटरभर उघड्या, लाल माखलेल्या भिंती. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोळशाची मालगाडी असते आणि तिच्यासारखा ढीग ते खनिजाच्या वॅगनीवर चढवतात. १:३२ मध्ये खनिज तळापासून २५ मिमी हवं, १:२९ मध्ये २८ मिमी, १:२२.५ मध्ये ३६ मिमी. त्यावर थोडे उंचवटे आले तर चालतील, पण काठापर्यंत नाही.

अमेरिकी ओअर कारची, म्हणजे तिकडच्या खनिजाच्या वॅगनीची, गोष्ट वेगळी. डुलुथ, मिसाबी अँड आयर्न रेंज रेल्वेवरची ती आखूड वॅगन २४ फुटांचीच आहे, कारण जहाजात खनिज ओतायच्या धक्क्यावरचे कप्पे १२-१२ फुटांवर होते आणि एक वॅगन बरोबर दोन कप्प्यांवर बसायची. पोट लहान असल्यामुळे तिथे खनिजाचा ढीग वर दिसणं बरोबर आहे. पुढे टॅकोनाइटच्या, म्हणजे कमी दर्जाच्या लोहखनिजापासून केलेल्या, गोळ्या आल्या. त्या मूळ खनिजापेक्षा हलक्या, म्हणून काठांवर जादा पट्ट्या लावून वॅगनी उंच केल्या. अशी वॅगन असेल तर ढीग ठेवा, पण तो पोकळ करा. हॉपरचा, म्हणजे खालून रिकाम्या होणाऱ्या या वॅगनीचा, उतरता तळ हा वजन लपवायला सगळ्यात चांगला खड्डा आहे आणि तो तिथे आयताच मिळतो.

आणखी एक अडचण भारतीय ब्रॉडगेजवाल्यांची. खरा रूळ १६७६ मिमी. १:३२ मध्ये तो ५२.४ मिमी व्हायला हवा. आपण चालवतो ४५ वर. अंग ब्रॉडगेजचं आणि पाय साडेसात मिलिमीटर जवळ. त्यामुळे खऱ्या वॅगनीला जे वजन सहज पेलतं ते मॉडेलला पेलत नाही. १:२२.५ मध्ये मीटरगेज करणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण १००० मिमी भागिले २२.५ म्हणजे जवळपास ४५च. कॅसलरॉकहून घाट उतरून मुरगावला जाणारी लाईन १९९०च्या दशकात ब्रॉडगेज होण्याआधी मीटरगेजच होती. तिकडच्या वॅगनी करायच्या तर हे माप अगदी चपखल बसतं.

फळीची परीक्षा

वजन वर आहे की नाही हे अंदाजानं ठरवू नका. ३०० मिमी रुंद फळी घ्या. तिच्या मधोमध, लांबीच्या दिशेनं, रुळाचा एक सरळ तुकडा स्क्रूनं बसवा. भरलेली वॅगन त्यावर ठेवा आणि फळीची एक लांब कड हळूहळू उचला, दुसरी जमिनीला टेकलेली राहू दे. दुसरा हात वॅगनीखाली धरा, नाहीतर परीक्षेतच हँडरेल मोडतील. वॅगन कलंडायला लागली की उचललेल्या कडेची उंची मोजा.

१३० मिमीच्या पुढे गेली तर वॅगन चांगली. ११० च्या खाली कलंडली तर ती वळणावर उतरणारच, रूळ कितीही सरळ करा. यामागचं गणित सोपं आहे. रुळाची टेकायची अर्धी रुंदी साधारण २३ मिमी. गुरुत्वमध्य रुळाच्या माथ्यापासून ४३ मिमीवर असेल तर वॅगन २८ अंशांवर कलंडते, म्हणजे कड १४० मिमी उचलल्यावर. प्लॅस्टिकची चाकं ठेवून वर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा अर्धा किलोचा ढीग ओतला, तर गुरुत्वमध्य ६६ मिमीपर्यंत चढतो आणि वॅगन १९ अंशांवरच, कड जेमतेम १०० मिमी उचलल्यावर आडवी होते. प्लॅस्टरचा भरीव ढीग हा या छंदातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. पावसात तो पाणी पितो आणि आणखी जड होतो, ते वेगळंच.

माल नव्यानं भरणे

जुना माल काढून टाका. चिकटलेला असेल तर वॅगन कोमट पाण्यात रात्रभर ठेवा; पांढऱ्या गोंदानं लावलेला असेल तर सकाळी वडीसारखा सुटतो. इपॉक्सीनं लावलेला असेल तर नाद सोडा आणि वॅगनीला तळातून जड करण्यावर भर द्या.

पहिलं काम चाकं. प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची घाला. धातूचा एक जोड ७० ते १०० ग्रॅमच्या घरात असतो. चार धुऱ्यांचे मिळून तीनशे-चारशे ग्रॅम थेट रुळाला लागून, म्हणजे सगळ्यात खालच्या जागी मिळतात. दुसऱ्या कुठल्याही उपायाला याची सर नाही. पैसे कमी असतील तर रंग, डिकल (चिकटवायची अक्षरं), सगळं थांबवा आणि आधी चाकं घ्या.

मग तळाचं वजन. २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या वॅगनीचं भरलेलं वजन एकूण ११०० ते १२०० ग्रॅमपर्यंत आणायचं. अंग आणि चाकं मिळून आठशे-साडेआठशे ग्रॅम झाले तर तीनशे ग्रॅम उरतात. ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी १०० बाय ६० मिमी कापली तर १४० ग्रॅम भरते. अशा दोन पट्ट्या, प्रत्येक बोगीच्या वर एक, पुरतात. लोखंडाला आधी दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड प्रायमर लावा, कडांनाही. खारी हवा नेमकी कापलेल्या कडेतूनच शिरते.

शिसं हवं असेल तर हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांत जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात जाळ्याला लावायचं शिसं वजनावर मिळतं. हातोडीनं ठोकून ४ मिमी चपटं करा आणि एकाच थरात मांडा. हातमोजे घाला, कानस मारू नका, काम झाल्यावर हात साबणानं धुवा, आणि लहान मुलं असतील त्या घरात शिसं उघडं ठेवू नका.

शिशाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते आणि ती दोन-तीन पावसाळ्यांनंतर कळते. शिसं सुताराच्या पांढऱ्या गोंदात बसवलं, की वॅगनीच्या बाजू फुगायला लागतात. आधी तळ वर येतो, मग भिंतीचा जोड उकलतो, आणि फटीतून पांढरी भुकटी दिसते. त्या गोंदातून हळूहळू ॲसेटिक आम्ल सुटतं. आम्ल, दमट हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचा सफेदा तयार होतो. रंगारी वापरायचे तोच सफेदा. जुन्या काळी तो शिशाच्या पत्र्यांना व्हिनेगरच्या वाफा देऊनच बनवत. सफेदा मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतो आणि पोटातून वॅगन फोडतो. कोकणातली हवा या कामाला अगदी पोषक. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंटही तेच करतो. तेव्हा शिसं दोन भागांच्या इपॉक्सीत, म्हणजे अरल्डाइटसारख्या चिकटवणीत, पूर्ण बुडवून बसवा. कुठेही उघडं दिसता कामा नये. फुगलेली वॅगन हाती आली तर भुकटी कोरडी झटकू नका, ती विषारी आहे. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं फेकून द्या.

वजन दोन्ही बोगींवर सारखं पडतंय का ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बघता येतं. एक बोगी काट्यावर, दुसरी तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. मग वॅगन फिरवून दुसरी बोगी काट्यावर. फरक २० ग्रॅमच्या आत आणा. डाव्या-उजव्या बाजूला तर फरक जवळजवळ नकोच.

वजनावर सनबोर्डचा (पीव्हीसी फोमच्या शीटचा) तुकडा बसवा, बाजूंनी एक-एक मिलिमीटर मोकळा. एमडीएफ किंवा साधा प्लाय चालणार नाही. जुलैत तो फुगतो, वॅगनीचं अंग पिळतो आणि मग बोगी बसायची जागाच वाकडी होते. सनबोर्डवर उंचवटे करायला पॅकिंगचा घट्ट फोम घ्या. थर्मोकोल घेतला तर स्प्रेरंगानं आणि सॉल्व्हंटच्या चिकटवणीनं तो विरघळतो, हे लक्षात ठेवा.

उंचवट्यांचा आकार डोळसपणे करा. पेलोडरनं भरलेल्या वॅगनीत माल सपाट नसतो. प्रत्येक बकेटचा एक बुटका ढीग, असे तीन-चार ढीग एकमेकांत मिसळलेले, आणि उतार साधारण ३५ अंशांचा. मोठे खडे उतारावरून घरंगळून भिंतीच्या कडेला आणि दोन ढिगांच्या मधल्या घळीत जमतात, बारीक माती माथ्यावर राहते. हे एवढं केलं तरी वॅगन लांबून ओळखू येते.

खनिज कशाचं करावं

जांभा फुकट मिळतो आणि रंगानं जवळचा आहे, पण चिऱ्यांच्या खाणीवरचा भुगा तसाच ओतला तर तो जांभाच दिसतो, खनिज नाही. त्यात पिवळट आणि पांढरट चिकणमातीचे ठिपके असतात. बादलीत घालून ढवळा, वरचं गढूळ पाणी ओतून टाका, असं चार-पाच वेळा. उन्हात वाळवा. मग चाळा. इथे माप महत्त्वाचं: बाजारातलं गठ्ठ्याचं लोहखनिज १० ते ४० मिमीचं, त्याखालचं ते बारीक. १:३२ मध्ये ४० मिमीचा खडा सव्वा मिलिमीटरचा होतो आणि १० मिमीचा खडा म्हणजे ०.३ मिमी. बहुतेक मॉडेलांत तीन-चार मिलिमीटरची कच टाकलेली असते, जी खऱ्या मापात नारळाएवढी होते. चहाच्या गाळणीतून जे खाली पडतं आणि मैद्याच्या चाळणीवर जे उरतं, ते गठ्ठ्याचं खनिज म्हणून घ्या. मैद्याच्या चाळणीतूनही खाली गेलं ते बारीक.

नुसत्या जांभ्याचा रंग जरा केशरी पडतो. दोन भाग जांभा आणि एक भाग तेवढ्याच मापाची काळ्या दगडाची कच मिसळली, की हेमटाइटचा तो काळपट, पोलादी झाकेचा लाल जमतो. काळी कच जांभ्याच्या गढूळ पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे तिच्यावर लाल धूळ बसते. मिश्रणाचा थर दोन मिलिमीटरच द्या. १:३२ च्या वॅगनीत तो साधारण ८० ग्रॅम होतो. त्याहून जाड थर म्हणजे पुन्हा वजन वर चढवणं.

किनाऱ्यावरची काळी वाळू आणायचा मोह आवरा. रत्नागिरीच्या आसपासच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं. दिसायला झकास, पण दाणे गोल आणि चकचकीत, त्यात मीठ, आणि मुख्य म्हणजे चुंबकाला चिकटणारे. एक-दोन चिमटी रुळावर सांडली की इंजिनाखालून जाताना मोटरच्या चुंबकाकडे ओढली जाते आणि गिअरमध्ये शिरते. जांभ्याच्या चुऱ्यातूनही पिशवीत गुंडाळलेला चुंबक एकदा फिरवून घ्या. जे चिकटेल ते बाजूला काढा.

चिकटवायला पाण्यावर आधारित, बाहेरच्या वापराचा मॅट व्हार्निश: दोन भाग व्हार्निश, एक भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. आधी चुऱ्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा, मग ड्रॉपरनं व्हार्निश सोडा. लिक्विडचा थेंब विसरलात तर व्हार्निशचे मणी होतात आणि चुरा त्यांच्याभोवती गोळा होऊन खड्डे पडतात. तीन हात द्या, प्रत्येकाला एक पूर्ण दिवस. पांढरा गोंद पाणी घालून वापरला तर पहिल्याच पावसात दुधाळ होतो, श्रावणापर्यंत त्यावर बुरशी चढते.

माल उचलून काढता येईल असा ठेवा. सनबोर्डमध्ये दोन छोटे लोखंडी स्क्रू रोवून वर चुऱ्यानं झाका. वरून चुंबक लावला की सगळी ताटली उचलली जाते. वॅगन एका फेरीला भरलेली, परतीला रिकामी चालवता येते. अर्थात तळाचं वजन वॅगनीतच राहतं, म्हणजे रिकामीही नीट चालते.

रंगाबद्दल थोडक्यात: आतल्या भिंतींवर मालाच्या रेषेपर्यंत गडद लाल माखण आणि त्याच्या वर फिकट धूळ, अशी दोन पट्ट्यांत विभागणी करा. टिप्लरनं उलटी करून रिकामी होणारी वॅगन असल्यामुळे वरची कड चेपलेली, भिंती जागोजागी बाहेर फुगलेल्या दाखवा. खडूची भुकटी शेवटी मॅट व्हार्निशनं बंद केली नाही तर दमट हवेत तिचे डाग पडतात.

बोगी, चाकं, कपलर

माल खाली आला, फळीची परीक्षा पास झाली, तरी वॅगन जोडापाशी उतरतेच आहे? मग बोगी. रंगकामानंतर पुन्हा बसवताना दोन्ही स्क्रू गच्च आवळले जातात. चार धुरे एका ताठ सांगाड्यात अडकले, की रूळ जरा पिळलेला असला तरी एक चाक हवेत राहतं. तपासायला एका चाकाखाली एक मिलिमीटर जाडीचं काही सारा, चार व्हिजिटिंग कार्डं एकत्र धरली तरी होतं. बाकीची सगळी चाकं रुळावर टेकलेली राहिली पाहिजेत.

उपाय: एका बोगीचा स्क्रू पूर्ण बसवून पाव फेरा सैल करा, ती फक्त फिरेल. दुसऱ्या बोगीचा पाऊण फेरा सैल करा आणि स्क्रूखाली लहान वॉशर घाला. ती फिरेलही आणि डावी-उजवीकडे डुलेलही. वॅगन तिपाईसारखी तीन ठिकाणी टेकते. दोन्ही बोगी डुलणाऱ्या ठेवल्या तर वॅगन दारू प्यायल्यासारखी चालते, तसं करू नका. बसायच्या जागेत रंगाचा थर चढला असेल तर तो खरवडून काढा, तेल नको. ग्रॅफाइटची चिमूटभर पूड टाका. तेलात जांभ्याची धूळ मिसळली की ती व्हॉल्व घासायच्या पेस्टसारखी काम करते आणि धुऱ्याची भोकं मोठी करते.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा: ४० मिमी. फिरवून तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे सारखे नसतील तर चाक धुऱ्यावर वाकडं बसलंय. अंतर ३९.५ च्या खाली असेल तर सांध्यावर चेक रेलला चाक घासतं आणि वर चढतं. चाक धुऱ्यावर पिळत पिळत सरकवा, ठोकू नका.

कपलर बोगीवर असेल तर गाडी मागे ढकलताना जोर थेट बोगीवर येतो, ती तिरकी होते आणि उतरते. खनिजाच्या आखूड वॅगनीला कपलर अंगावर बसवणं सोयीचं, कारण टोकं फारशी बाहेर डोकावत नाहीत. ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावरही चालून जातं. लांब बॉक्सएन तिथे शेजारणीला बाजूला ढकलते. तिला दुप्पट त्रिज्या द्या किंवा कपलर बोगीवरच राहू द्या आणि मागे ढकलायचं टाळा. कपलर बदलल्यावर सगळ्यांची उंची एका पट्टीनं ताडून पाहा. चढ सुरू होतो तिथे दोन मिलिमीटरचा फरकही कपलर सोडवतो, आणि मग उताराला सुटलेल्या चार वॅगनी थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत जातात.

गाडी जोडताना

जड आणि हलक्या वॅगनी मिसळू नका. भरलेल्या पुढे, रिकाम्या मागे. इंजिनामागे हलकी वॅगन आणि तिच्यामागे दहा जड, अशी गाडी वळणावर आली की दोर ताणल्यासारखी सरळ व्हायला बघते आणि हलकी वॅगन आत पडते. सगळ्या वॅगनी एकमेकींपासून शंभर ग्रॅमच्या आत असाव्यात.

वजन वाढवायलाही मर्यादा आहे. ११५० ग्रॅमच्या बारा वॅगनी म्हणजे पावणेचौदा किलो. पन्नासास एक चढावर नुसत्या चढाचाच ओढा पावणेतीनशे ग्रॅम, शिवाय चाकांचं घर्षण. प्लॅस्टिकच्या खाचेत फिरणारे धुरे असतील तर दीड किलोच्या पुढच्या वॅगनी खाचा दोन हंगामांत झिजवतात. मग धुरा तिरका बसतो आणि वॅगन पुन्हा उतरू लागते. तेवढं वजन हवंच असेल तर बॉलबेअरिंगची चाकं घ्या.

पावसाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि वॅगन वरून उघडी. १:३२ च्या बॉक्सएनचं पोट ३०६ बाय ९२ बाय ६१ मिमी, म्हणजे सतराशे मिलिलिटर. मुसळधार पावसात विसरून राहिलेली वॅगन पावणेदोन किलो पाण्यानं भरते. त्या डुचमळत्या पाण्यासह गाडी सुरू केली तर काय होणार ते सांगायला नको. तळाला, बोगींच्या आत येणार नाहीत अशी ३ मिमीची चार भोकं पाडा, आणि वरच्या सनबोर्डला कोपऱ्यांत खाचा ठेवा.

आगोटीला वॅगनी घरात घ्याल तेव्हा माल काढून वेगळा ठेवा, चाकं गोड्या पाण्यानं धुऊन पुसा. बोगीचे स्क्रू स्टेनलेसचे, समुद्र जवळ असेल तर ३१६ दर्जाचे टाका. साधा स्क्रू प्लॅस्टिकमध्ये गंजून फुगतो आणि बोगी आपोआप ताठ होते. दिवाळीत पहिली गाडी काढल्यावर वॅगनी जोडापाशी उतरायला लागतात, त्याचं कारण बहुधा हेच. कपलरच्या स्प्रिंगही तेव्हाच बघा. एक वॅगन रुळावर ढकलून सोडा: मीटरभर सरळ, सपाट रुळावर ती न अडखळता गेली तर ठीक, अर्ध्यात थांबली तर धुऱ्याच्या खाचेत बोटानं चाचपून पाहा, लाल चिखल वाळून बसलेला सापडेल. टूथपिकनं काढा, धुऱ्याचं टोक कोरड्या फडक्यानं पुसा, आणि ग्रॅफाइटची पूड टाकायच्या आधी खाच पूर्ण वाळू द्या.